जयभीम बंद करू नका



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लग्नाची पत्रं नेहमीच असतात. मुलाकडच्यांनी देण्याघेण्याचं बोलणं काढलं, काय करावं? लग्न विहारात करावं की हॉलमध्ये? अशा पत्रांना उत्तर देणं सोपं असतं. पण एका भगिनीचं पत्र आलं आणि ते मी दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले. नाव-गाव छापू नका, बाकी छापलं तरी चालेल, असं तिनं लिहिलं होतं. पत्र असं:

"ताई, माझं लग्न ठरलं आहे. पत्रिका छापायला द्यायची आहे. निमंत्रकांमध्ये काकांचं नाव टाकायचं नाही, असं बाबांनी बजावलं आहे. बाबा आणि काका सख्खे भाऊ. एकाच गल्लीत राहतात, मध्ये फक्त चार घरं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून दोघं बोलत नाहीत. समोरासमोर आले तर जयभीमसुद्धा करत नाहीत. काकांनी मला खांद्यावर बसवून चैत्यभूमीला नेलं आहे. त्यांच्या नावाशिवाय पत्रिका छापली तर ती घेऊन मी त्यांच्या दारात कशी जाऊ? आणि नाव टाकलं तर बाबा मांडवात उभे राहतील का?"

जयभीमसुद्धा करत नाहीत, हे वाक्य मला टोचलं. आपल्या आजा-पणजाला गावात मान खाली घालून 'जोहार मायबाप' म्हणावं लागत होतं. तो जोहार टाकून आपण जयभीम घेतला. तो आपल्याला कुणी फुकट दिलेला नाही. आणि आज सख्खा भाऊ सख्ख्या भावाला तो देत नाही, का तर त्यानं दुसऱ्या निशाणीचं बटण दाबलं.

पुढं तिनं घरची हकिगत लिहिली होती. आजी-आजोबा बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून मुंबईला आले. आजी खडी फोडायला जायची. थोरला मुलगा म्हणजे या मुलीचे बाबा. ते दहावीनंतर शाळा सोडून कारखान्यात लागले, म्हणून धाकट्याचं आयटीआय पुरं झालं. नामांतराच्या मोर्च्यात थोरल्यानं पाठीवर लाठी खाल्ली, तेव्हा हळद गरम करून लावत रात्रभर उशाशी बसला तो धाकटाच. दोघांनी मिळून वस्तीत वर्गणी गोळा केली आणि पत्र्याचं विहार पक्कं बांधलं. त्याच विहारात भांडण झालं.

कोण कोणत्या पक्षाचा, ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथंच ठरवतील की चूक कुणाची, आणि पुढचं वाचायचे नाहीत. रविवारची वंदना झाल्यावर निवडणुकीचं बोलणं निघालं. धाकटा म्हणाला, मोठ्या पक्षाशी युती केल्याशिवाय सत्तेत वाटा मिळत नाही आणि सत्तेशिवाय वस्तीचं एक काम होत नाही. थोरला म्हणाला, स्वतःचं निशाण सोडलं की आपण दुसऱ्याच्या सभेत सतरंज्या उचलायलाच उरतो. इथवर दोन्ही बोलणी विचार करण्यासारखी होती. मग थोरल्यानं पन्नास माणसांसमोर विचारलं, "किती घेतलेस?" धाकटा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, बाबासाहेबांचं नाव तोंडात घ्यायची तुझी लायकी नाही." त्या दिवसापासून बोलणं बंद.

बंधू-भगिनींनो, हे एका घरातलं नाही. आपल्या चळवळीचाच हा जुना आजार आहे. रिपब्लिकन पक्षाची स्थापना नागपूरला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी झाली, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला वर्षही पुरं झालं नव्हतं. थोड्याच काळात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' हे शब्द आपल्या वस्त्यांत ऐकू येऊ लागले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि दोन वर्षांत तीही फुटली. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत गट एकत्र आले, तेव्हा प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबईतून, असे चार खासदार एकदम लोकसभेत गेले. चारही जागा खुल्या होत्या. पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली, तोवर ती एकी उरली नव्हती.

नेत्यांच्या फुटीवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते आपल्या गल्लीबद्दल. नेते आज वेगळे होतात, उद्या एका व्यासपीठावर येऊन एकमेकांना हार घालतात. त्यांच्यापायी आपल्या गल्लीत तुटलेली नाती जोडायला मात्र कुणी येत नाही. एका वस्तीत जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात, दोन पावतीपुस्तकं फिरतात, आणि गरीब माणूस दोन्हीकडे वर्गणी देऊन दोघांचं बोलणं खातो.

मग सगळ्यांनी एकाच पक्षात जावं का? असं मी म्हणणार नाही. आज आपल्याच माणसांत कुणी रिपब्लिकनच्या या गटात आहे, कुणी त्या गटात, कुणी वंचितमध्ये, कुणी हत्तीवर, कुणी काँग्रेसबरोबर, कुणी भाजपच्या युतीबरोबर. संविधानानं मत दिलं ते प्रत्येक प्रौढ माणसाला. घराला एक मत दिलं नाही, जातीला एक मत दिलं नाही. मग एका घरात चार मतं निघाली तर त्यात बिघडलं काय? बिघडतं ते पुढं. मत वेगळं आहे एवढ्यावरून माणूसच विकला गेला असं आपण धरतो, तिथं बिघडतं.

वर्षावासात आपण विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकतो. त्यातला रोहिणी नदीचा प्रसंग आठवा. शाक्य आणि कोलिय या दोघांची शेती रोहिणीच्या पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी झाली, माणसं जखमी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, संघाचा सभासद. तो उभा राहिला आणि विरोध केला. विरोध करून खाली बसला नाही, उपाय मांडला. आपण आपल्यातली दोन माणसं निवडू, कोलियांनी त्यांच्यातली दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि पाच जणांनी मिळून तंटा मिटवावा.

ठराव मताला टाकला आणि सिद्धार्थ हरला. आपण हा प्रसंग ऐकतो तेव्हा त्याच्या गृहत्यागाकडे आपलं लक्ष जातं, या हरण्याकडे जात नाही. तो मतदानात हरला, तरी सेनापतीला विकला गेलेला म्हणाला नाही. बहुमतासाठी स्वतःचं मतही बदललं नाही. युद्धात भाग घेणार नाही हे सरळ सांगितलं आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या घेतली. पुढं राजगृहाजवळ पाच परिव्राजक त्याला भेटले आणि त्यांनी बातमी सांगितली, की शाक्यांमध्येच युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली, शेवटी तह झाला आणि पाण्याचे तंटे सोडवायला कायमचं लवाद मंडळ नेमायचं ठरलं. त्या दिवशी हरलेलं मत नंतर लोकांना पटलं. सिद्धार्थानं त्या दिवशी सभेत शिवी दिली असती, तर ते पटायला जागा राहिली असती का?

दुसरी गोष्ट कोसंबीची. तिथल्या घोषितारामात दोन विद्वान भिक्खू, एक विनय जाणणारा, एक धम्म सांगणारा. अट्ठकथेत भांडणाचं मूळ दिलं आहे ते ऐकून हसू येईल. धम्म सांगणाऱ्यानं शौचाच्या जागी भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं. विनयवाला म्हणाला, हा दोष आहे. तो म्हणाला, मला ठाऊक नव्हतं. तिथंच मिटायचं. पण विनयवाल्यानं आपल्या शिष्यांना सांगितलं, त्यांनी त्याच्या शिष्यांना टोमणा मारला, आणि सगळा संघ दोन तुकड्यांत उभा राहिला. भगवंतांनी परोपरीनं समजावलं. भिक्खू त्यांनाच म्हणाले, आपण निवांत राहावं, आमचं भांडण आम्ही बघतो. तेव्हा भगवान बुद्ध एकटेच वनात निघून गेले.

मग त्या भिक्खूंना वाकवलं कुणी? कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या संसारी माणसांनी. त्यांनी ठरवलं, यांच्या भांडणामुळे भगवान गेले, आता यांना वंदन नाही आणि भिक्षाही नाही. मग भिक्खू ताळ्यावर आले आणि सावत्थीला भगवंतांकडे निघाले. तिकडे विशाखा आणि अनाथपिंडिकानं भगवंतांना विचारलं, भांडलेल्या या भिक्खूंशी आम्ही कसं वागावं? उत्तर असं मिळालं, की दान दोन्ही बाजूंना द्या, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्या, आणि मग ज्यांचं बोलणं धम्माला धरून असेल त्यांचं स्वीकारा. ज्याच्यापासून भांडण वाढलं, त्या भिक्खूनं स्वतः विचार केला, माझं चुकलं असं कबूल केलं, आणि संघ पुन्हा एक झाला.

यातून आपल्याला दोन गोष्टी मिळतात. एक, वरच्यांची भांडणं खालचे लोक थांबवू शकतात, कारण भाकर आणि वर्गणी खालच्यांच्या हातात असते. दोन, ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. आधी ठरवतो, मग ऐकतच नाही.

आता बोलायचं कसं? पंचशील घेताना खोटं बोलणार नाही असं आपण रोज म्हणतो. पण खरं बोलणं एवढ्यानं भागत नाही. अंगुत्तर निकायात चांगल्या वाणीच्या पाच खुणा सांगितल्या आहेत. बोलणं वेळेवर असावं, खरं असावं, मृदू असावं, हिताचं असावं आणि मैत्रीच्या भावनेनं केलेलं असावं. या पाच खुणा लावून "किती घेतलेस?" हे वाक्य तपासू. खरं आहे का? पुरावा नाही. वेळेवर? पन्नास माणसांसमोर, वंदनेनंतर. मृदू नाही, त्यातून हित कुणाचं झालं नाही, आणि मैत्री तर नाहीच. पाचांत एकही खूण लागत नाही. "लायकी नाही" या वाक्याचंही तेच. पण समजा थोरल्यानं विचारलं असतं, "तुझ्या पक्षानं मागच्या वेळी आपल्या वस्तीला शब्द दिला होता, तो पाळला का?" हा प्रश्न कडक आहे, तरी पाचही खुणांना उतरतो. आणि धाकट्यानं उलट विचारलं असतं, "दादा, स्वबळावर आपला माणूस इथून किती वेळा निवडून आला?" तोही प्रश्न खरा. असे प्रश्न विचारले असते तर त्या दिवशी विहारातली पोरं राजकारण शिकली असती. ती शिकली ते दुसरंच.

आणखी एक सांगते. अजातशत्रूला वज्जींचं गणराज्य घ्यायचं होतं. वारंवार सभा भरवणारे, एकजुटीनं बसणारे आणि एकजुटीनं उठणारे वज्जी लढून हरणार नाहीत, हे त्याच्या वस्सकार नावाच्या मंत्र्याला कळलं. अट्ठकथेत पुढची गोष्ट आहे. वस्सकार वज्जींमध्ये जाऊन राहिला. एकाला बाजूला घ्यायचा आणि क्षुल्लक काहीतरी विचारायचा, आज जेवलास काय, शेत नांगरतात का. बाकीचे त्या माणसाला विचारायचे, काय म्हणाला रे तो? तो खरं सांगायचा, पण एवढ्यासाठी कुणी बाजूला घेतं का, म्हणून कुणाचा विश्वास बसायचा नाही. तीन वर्षांत अशी वेळ आली की सभेचा नगारा वाजला तरी कुणी जमेना. आज आपल्या खिशातल्या मोबाईलवर असे वस्सकार दिवसाला दहा येतात. अमका नेता इतक्या कोटींना विकला गेला, असा निरोप येतो. कुणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता नाही, आणि आपण तो पुढं ढकलतो. निवडणूक संपते, पण तो संशय घरात राहतो.

कुणी म्हणेल, ताई, हे सगळं भिक्खूंचं झालं. राजकारणात एवढं मऊ बोलून चालत नाही. तर मग बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. १९४५ मध्ये त्यांनी काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा जाहीर हिशेब मागणारा मोठा ग्रंथ लिहिला. दीडच वर्षानं, १७ डिसेंबर १९४६ रोजी, ते घटना समितीत बोलायला उभे राहिले. सभागृहात काँग्रेसचं प्रचंड बहुमत. मुस्लिम लीग बहिष्कार घालून बाहेर. नेहरूंचा ध्येय-उद्दिष्टांचा ठराव समोर होता आणि बाहेर राहिलेले लोक येईपर्यंत थांबावं अशी बॅ. जयकरांची उपसूचना होती. बाबासाहेबांनी जयकरांची बाजू घेतली. लोकांना भिववणाऱ्या घोषणा बाजूला ठेवा, विरोधकांच्या मनातल्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, पण सगळ्यांना बरोबर घेऊन चला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्याच भाषणात, या ठरावात हक्क सांगितले आहेत पण ते मोडले तर उपाय सांगितलेला नाही, ही टीकाही त्यांनी स्पष्ट केली. ज्यांच्याशी आयुष्यभर झगडले त्यांच्यासमोर ते असे बोलले, आणि सभागृहानं ते कान देऊन ऐकलं. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले.

पण आदरानं बोलणं म्हणजे मान तुकवणं नव्हे, हेही आज सांगायला हवं. नाहीतर 'जाऊ द्या, मिटवून टाका' म्हणणारे लगेच पुढं सरसावतील. विनयात तंटे मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. सातवा आहे 'तिणवत्थारक', म्हणजे गवतानं झाकणं. भांडण इतकं लांबलं की कोण काय बोललं हे उगाळत बसलं तर ते आणखी चिघळेल, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकत्र बसायचं, प्रत्येक बाजूच्या एकानं आपल्या बाजूच्या चुका सर्वांच्या वतीनं कबूल करायच्या आणि त्यावर गवत टाकायचं. पण तिथंच अट आहे. मोठे अपराध या गवताखाली जात नाहीत. आपणही ही अट लक्षात ठेवू. विहाराचा पैसा कुणी खाल्ला असेल तर हिशेब मागायचा. गावात अत्याचार झाला असेल तर 'गावाची एकी' म्हणून बैठकीत मिटवायचा नाही, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. गवत टाकायचं ते तोंडातून गेलेल्या शब्दांवर.

या मुलीला मी उत्तर लिहिलं. पत्रिका पंधरा दिवस थांबव. बाबा आणि काकांना एकदम समोरासमोर बसवू नकोस. रोहिणीचा उपाय कर. दोन माणसं बाबांनी निवडावीत, दोन काकांनी, आणि त्या चौघांनी पाचवं.

महिन्याभरानं तिचं दुसरं पत्र आलं. बाबांनी कारखान्यातला एक जुना मित्र आणि आत्याला निवडलं. काकांनी काकूला आणि विहाराची अभ्यासिका चालवणाऱ्या एका मुलाला. त्या चौघांनी पाचवी निवडली ती विहारात त्रिशरण-पंचशील देणारी म्हातारी आजी. पहिली बैठक फुकट गेली. अर्धा तास युती, स्वबळ आणि मतांची आकडेमोड यातच गेला आणि काका उठून गेले. दुसऱ्या वेळी आजीनं सुरुवातीलाच सांगितलं, "मतदान झालं, निकाल लागला. आता पुढचं मतदान येईपर्यंत तुम्ही दोघं भांडून काही बदलणार नाही. तुम्हाला लागलं काय, तेवढं सांगा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "त्या दिवशी माझा पोरगा तिथं होता. रात्री जेवताना म्हणाला, पप्पा, खरंच घेतले का?"

बाबांनी मान खाली घातली. मग तेही बोलले, "लाठी खाल्ली तेव्हा उशाशी तूच होतास. त्याच तोंडानं माझी लायकी काढलीस."

आत्या रडायला लागली. आजीनं तिला गप्प केलं आणि विचारलं, आता काय करायचं? बाबा म्हणाले, "शब्द मागे घेतो. मत मागे घेणार नाही." काका म्हणाले, "माझंही तसंच." आजी म्हणाली, "मत कुणी मागितलंय? पण शब्द पन्नास माणसांत गेलाय, तो इथं पाच जणांत मागे घेऊन चालणार नाही." पुढच्या रविवारी वंदनेनंतर, त्याच विहारात, त्याच लोकांसमोर दोघांनी आपापला शब्द मागे घेतला. काकांचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता.

वाचक हो, मला वाटतं सगळी गोष्ट या एका ओळीत आहे. माफी शब्दाची मागायची असते, मताची नाही. आपण बहुतेक वेळा समोरच्याकडून मताची माफी मागतो, ती तो देत नाही, आणि वर्षं निघून जातात.

आपापल्या विहारात एवढं तरी ठरवा. राजकारणावर बोलायचं तर वंदनेनंतर वेगळं बसायचं, आणि तासभरच. प्रत्येकाला सारखी वेळ. बायकांना शेवटी नाही, मधे बोलू द्यायचं. महिला मंडळाला फक्त खीर करायला बोलवायचं नाही. विकला गेला, दलाल, गद्दार, बी टीम हे शब्द विहारात बंद. आरोप करायचा तर कागद दाखवायचा. दुसऱ्याला उत्तर देण्याआधी तो काय म्हणाला ते त्याला पटेल असं आपण सांगून दाखवायचं. आणि उठताना सगळ्यांनी एकमेकांना जयभीम करूनच उठायचं.

घरात हे जमलं तर घराबाहेरही जमेल, आणि तिथं त्याची गरज आणखी मोठी आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल दिला, की अनुसूचित जातींमध्ये राज्यांना उपवर्गीकरण करता येईल. आपल्यातल्या अनेकांना तो निकाल फूट पाडणारा वाटतो. मातंग समाजातल्या अनेकांना तो न्यायाचा वाटतो. दोघांनाही आपल्या मुलांच्या नोकरीची काळजी आहे. पण या विषयावर बौद्ध वस्तीतला माणूस मातंग वस्तीत जाऊन बसला, चहा घेतला, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि आपलं सांगितलं, असं किती ठिकाणी झालं? अण्णा भाऊ साठे कम्युनिस्ट होते, आणि बाबासाहेबांचे कम्युनिस्टांशी कडक मतभेद होते. तरी १९५९ मध्ये 'फकिरा' आली तेव्हा अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पक्ष वेगळा असताना मान कसा द्यावा, हे त्यांनी दाखवून ठेवलं आहे. १ ऑगस्ट हा अण्णा भाऊंचाच जयंतीचा दिवस. त्या दिवशी आपण विहारातून निघून त्यांच्या वस्तीत जयभीम करायला गेलो, तर बोलण्याला तिथून सुरुवात करता येईल.

त्या मुलीच्या दुसऱ्या पत्राबरोबर लग्नाची पत्रिकाही होती. निमंत्रकांत बाबांचं नाव आहे, त्याखाली काकांचं. लग्नाला दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते येणार आहेत, म्हणून भाषण कुणाचंच ठेवलेलं नाही. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं आहे: "ताई, काका अजून आमच्याकडे जेवायला आलेले नाहीत. पण सकाळी कामावर जाताना दाराशी थांबतात आणि जयभीम म्हणतात. बाबा आतून जयभीम म्हणतात."

सध्या एवढं पुरे आहे. बाकीचं हळूहळू होईल.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.